मॅट कागदावर कृष्णधवल प्रिंट काढण्यासाठी स्वतःचे प्रोफाइल कसे तयार करावे?

प्रश्न:
वडिलांनी वारीत टिपलेली कृष्णधवल छायाचित्रे मी निगेटिव्हवरून स्कॅन केली असून, घरच्या एप्सन फोटो प्रिंटरवर सुती मॅट कागदावर त्यांचे प्रिंट काढत आहे. कागदासाठी मिळालेले रंगीत प्रोफाइल (त्या कागदावर आणि शाईत छटा कशा उमटतात याची नोंद असलेली फाइल) वापरले की करड्या छटा ट्यूबलाइटखाली हिरवट आणि खिडकीपाशी लालसर दिसतात. शिवाय एका वारकऱ्याच्या खांद्यावरील घोंगडीची वीण पडद्यावर स्वच्छ दिसत असूनही कागदावर तिचा नुसता काळा डाग उमटतो. या दोन्ही दोषांवर स्वतःचे प्रोफाइल हा उपाय ठरेल का?

उत्तर १:
पहिल्या दोषासाठी आधी छपाईची पद्धत बदलावी. रंगीत प्रोफाइल वापरताना करडी छटा बऱ्याच अंशी सियान, मजेंटा आणि पिवळ्या शाईच्या मिश्रणातून तयार होते, त्यामुळे प्रकाश बदलताच तिची झाकही बदलते. आपल्या प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ हा पर्याय असल्यास तो निवडावा. त्यात मुख्य काम काळी आणि फिकट काळ्या शाई करतात, तर रंगीत शाई केवळ झाक साधण्यापुरती लागते.

उत्तर २:
घोंगडीसाठी मात्र मोजमापाला पर्याय नाही. शून्य ते १०० टक्क्यांपर्यंत पाच-पाच टक्क्यांच्या २१ पायऱ्यांची करडी पट्टी, रंगव्यवस्थापन (प्रोफाइलनुसार रंग आपोआप बदलणे) पूर्ण बंद ठेवून, त्याच पद्धतीने छापावी आणि एक दिवस वाळू द्यावी. पावसाळ्यात मी दोन दिवस थांबतो. नंतर स्पेक्ट्रोफोटोमीटरने, म्हणजे छापलेली छटा मोजणाऱ्या उपकरणाने, प्रत्येक पायरी मोजून ती मूल्ये क्वाडटोन रिप या कृष्णधवल छपाईच्या सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या ‘क्यूटीआर क्रिएट आयसीसी’ला दिली, की करड्या छटांचे प्रोफाइल तयार होते. छायाचित्र फोटोशॉपमध्ये या प्रोफाइलमध्ये रूपांतरित करावे आणि पुन्हा रंगव्यवस्थापन बंद ठेवूनच छापावे. कागदाचा प्रकार, झाक, गडदपणा यांपैकी ड्रायव्हरमधील एकही निवड नंतर बदलल्यास हे प्रोफाइल निरुपयोगी होते, म्हणून सर्व निवडी पट्टीच्या मागेच पेन्सिलीने लिहून ठेवाव्यात.

उत्तर ३:
वरील पद्धत योग्यच आहे, पण प्रोफाइलमुळे कागदाची मर्यादा ओलांडता येत नाही, हे ध्यानात असू द्यावे. मॅट कागदावरील काळ्याची घनता साधारण १.६ असते, म्हणजे एल मूल्य (उजळपणाचे माप: शून्य पूर्ण काळे, १०० पूर्ण पांढरे) १८च्या आसपास थांबते; चकचकीत कागदावर ते पाचच्याही खाली जाऊ शकते. म्हणून रूपांतर करताना ‘ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन’ (छायाचित्रातील सर्वांत गडद काळा कागदाच्या काळ्याशी जुळवणारा पर्याय) चालू ठेवावे, अन्यथा १८च्या खालच्या सर्व छटा एकाच काळ्यात बुडतील. मॅट ब्लॅक शाईच वापरली जात आहे ना, हेही पाहावे. स्पेक्ट्रोफोटोमीटर विकत घेण्याची घाई करू नये, एखाद्या परिचित छायाचित्रकाराकडून दिवसभरासाठी मागून आणला तरी काम भागते.

प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. उपकरण मागून आणले आणि पट्टी मोजली, तेव्हा ८५ टक्क्यांच्या पायरीचे एल मूल्य २१ आणि १०० टक्क्यांचे १८ निघाले. म्हणजे शेवटच्या चार पायऱ्या जवळजवळ एकमेकींत मिसळल्या होत्या आणि घोंगडी नेमकी त्यांच्यातच होती. नव्या प्रोफाइलने काढलेला प्रिंट काल ट्यूबलाइटखाली आणि आज सकाळी अंगणात नेऊन पाहिला. झाक दोन्हीकडे सारखीच आहे, आणि घोंगडीच्या काठाचे उभे-आडवे धागे आता वेगवेगळे दिसतात. खांद्यावरच्या घडीतील सावली अजून थोडी दाट वाटते, तेवढ्या भागासाठी आता ५१ पायऱ्यांची पट्टी छापून पाहणार आहे.