बूम लिफ्टच्या बास्केटमध्ये बेल्ट नक्की कुठे अडकवायचा?

प्रश्न: शेडच्या पत्र्याचं काम आहे, उंची 14 मीटर, बूम लिफ्टने (लांब हाताच्या, म्हणजे बूमच्या टोकाला माणसाची बास्केट असलेलं मशीन) करायचं. बास्केटला रेलिंग आहे, तरी हार्नेस (अंगावर घालायचा सेफ्टी बेल्ट) लागतोच का? आणि त्याच्या दोरीचा हूक शेजारच्या ट्रसला (छताच्या लोखंडी सांगाड्याला) लावला तर चालेल?

उत्तर 1: लागतोच. चाक खड्ड्यात गेलं की खाली जाणवतो तो छोटा धक्का. वर तोच बूम गोफणीसारखा हिसका देतो आणि माणूस रेलिंगवरून बाहेर फेकला जातो. हूक बास्केटमधल्या कंपनीच्या अँकरलाच (हूक अडकवायच्या कडीला) लावा. रेलिंगला नाही, ट्रसला तर कधीच नाही. लिफ्ट हलली किंवा खाली बसली, तर माणूस ट्रसला लटकून बाहेर ओढला जाईल. दोरी आखूड, कमी-जास्त करता येणारी घ्या. 1.8 मीटरच्या दोरीने माणूस आधी बाहेर पडतो, मग अडकतो.

उत्तर 2: पत्र्याचं काम म्हणून वाऱ्याचं सांगतो. बाहेर चालणाऱ्या बऱ्याच मशीनची मर्यादा सेकंदाला 12.5 मीटर, म्हणजे ताशी 45 किमी. तुमच्या मशीनची प्लेट वाचा. पण हातात पत्रा धरला की तो शिडासारखा वारा पकडतो, त्यामुळे त्याच्या बरंच आधी थांबा. चाकांखाली नुकताच बुजवलेला चर किंवा गटाराचं झाकण नको.

उत्तर 3: गरज पडली तर खालून लिफ्ट उतरवायला कोण उभं राहणार, ते आधी ठरवा. वरचा माणूस बीम आणि कंट्रोल पॅनेलमध्ये चेपला गेला, तर त्याला स्वतःला काही करता येत नाही. खालच्या पॅनेलची चावी मशीनलाच राहू द्या आणि इमर्जन्सी लोअरिंग (अडचणीत बास्केट खाली आणायची सोय) रोज सकाळी चालवून बघा.