बोटॉक्सनं मूठ सुटली, तीन महिन्यांत परत वळली. दुसरं द्यावं का?

कलमवाला, देवगड:
बाबा ६८ वर्षांचे. सव्वा वर्षापूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय ओढत का होईना, खळ्यात फेऱ्या मारतात. हाताचं मात्र कठीण. कोपर दुमडलेलं, मूठ घट्ट, अंगठा आत. नखं काढायला दोघं लागतात: मी बोटं ओढून धरणार, आई नेलकटर घालणार, आणि बाबा ओरडणार. तळव्याला कुबट वास येतो.

ताठरपणा कमी करायची बॅक्लोफेनची गोळी वाढवली तर जेवताना ताटावरच डुलक्या. म्हणून मार्चमध्ये कोल्हापूरला नेऊन हातात बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं. आठ-दहा दिवसांत बोटं सैल पडली, महिन्याभरात तर सहज उघडायची. आम्ही खूश! पण तेव्हाच आंबा. पेट्या भरायच्या की कणकवलीला फिजिओकडे न्यायचं? नाही नेलं. आता पाऊस लागला नि मूठ होती तशी. आत्या म्हणते, पैसे समुद्रात. दुसरं द्यावं की गोळीच वाढवावी?

फिजिओ, रत्नागिरी:
दादा, तीनेक महिन्यांत असर ओसरतोच. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप औषध तेवढा काळ अडवतं. आखडलेला स्नायू लांब करणं त्याचं काम नाही. ते त्याच आठवड्यांत रोजच्या स्ट्रेचिंगनं आणि रात्रीच्या स्प्लिंटनं (हात उघडा धरून ठेवणारा आधार) साधायचं. थोडी हालचाल असेल तर बोटं उघडणाऱ्या स्नायूंना करंटचं स्टिम्युलेशन आणि पेला धरण्या-सोडण्याचा सराव. हालचाल शून्य असेल तर तळवा धुता यावा, बाहीत हात जावा, एवढं ठरवून घ्या. तेही थोडं नाही.

गोळी सगळं अंग सैल करते, ज्या ताठ पायावर ते उभे राहतात तोही. एका हातासाठी ती वाढवणं मला पटत नाही, पण शेवटचा शब्द डॉक्टरांचा.

आणि बोटांची टोकं धरून ओढू नका. आधी मनगट तळव्याच्या बाजूला वाकवा, बोटं आपसूक ढिली होतात. मग अंगठा मुळाशी धरून बाहेर, मग बोटं, आणि शेवटी सावकाश मनगट सरळ.

(पुढचं इंजेक्शन पेट्या नसतील तेव्हा घ्या हो!)

वहिनी, गुहागर:
आमचे हे माडावरून पडले, मणक्याला मार. एकदा पाय अचानक लाकडासारखे ताठायला लागले. मी म्हटलं, गोळी कमी पडतेय. निघालं लघवीचं इन्फेक्शन! दुसऱ्यांदा नुसतं पोट साफ नव्हतं. तेव्हा आधी लघवी, पोट, नखं, कुठे जखम आहे का ते बघा. आणि बॅक्लोफेन एकदम तोडू नका. गणपतीच्या धांदलीत आमच्या गोळ्या संपल्या, दोन दिवसांत हे भिंतीवर माणसं दिसतात म्हणायला लागले. डॉक्टर जाम ओरडले, फिट आली असती म्हणाले.

कलमवाला, देवगड:
वहिनी, तुमचं वाचून टॉर्च लावून बघितलं. मधल्या बोटाचं नख तळव्यात रुतून लाल झालंय. मनगट वाकवून आज एकट्यानं नखं काढली. बाबा म्हणाले, "दुखूक नाय रे." जखमेचं उद्या इथल्या डॉक्टरांना दाखवतो, कोल्हापूरलाही फोन करतो.

रात्रीचा स्प्लिंट मापानं कणकवलीत कुणी बनवून देतं का?