मल्टिपल रिग्रेशन: व्हेरिएबल वाढवला की कोएफिशियंट बदलतो, मग खरा कुठला?

खिडकीजवळचा
एम.एड.च्या प्रबंधाआधी हात बसावा म्हणून कॅलिफोर्नियाचा १९९८-९९ चा डेटा घेतलाय, आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट मिळतो तो. ४२० शाळा-डिस्ट्रिक्ट (एका कारभाराखालच्या शाळांचा गट), आणि प्रत्येकाची वाचन व गणित मिळून गुणांची सरासरी. मला बघायचंय की एका शिक्षकामागे मुलं जास्त असली तर गुणांवर काय परिणाम होतो.

रिग्रेशनमध्ये, म्हणजे गुणांना इतर घटकांशी जोडणाऱ्या समीकरणात, नुसतं मुलं-शिक्षक गुणोत्तर घातलं तर कोएफिशियंट (शिक्षकामागे एक मूल वाढलं तर गुणांत दिसणारा फरक) −२.२८ आणि आर-स्क्वेअर (गुणांतल्या तफावतीचा मॉडेलनं उलगडलेला हिस्सा) जेमतेम ०.०५. इंग्रजी अजून शिकत असलेल्या मुलांची टक्केवारी घातली तर गुणोत्तराचा कोएफिशियंट एकदम −१.१०. त्यात फुकट किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र मुलांची टक्केवारी घातली तर −१.००, आणि आर-स्क्वेअर ०.७७ वर.

या तिघांतला खरा कुठला? दुसरं, जेवणाच्या टक्केवारीचा −०.५५ आलाय, तो लिहू कसा? ‘जेवण बंद करा, गुण वाढतील’ असं थोडंच लिहिता येतं! आणि मित्र म्हणतो, एवढे व्हेरिएबल कोंबू नकोस, मल्टिकोलिनिअरिटी होते, म्हणजे व्हेरिएबल एकमेकांशीच बांधलेले असले की आकडे डळमळीत होतात.

शून्य_गृहीतक
आर-स्क्वेअर सगळ्यात मोठा ते मॉडेल घे. विषय संपला.

जुनी_मास्तरीण
संपला कसा? आर-स्क्वेअरच वाढवायचा तर वाचनाचे गुण उजव्या बाजूला घाल की, आभाळाला टेकेल. शिक्षकांबद्दल मात्र काडीचं कळणार नाही.

खिडकीजवळच्या, आधी हे हातानं करून बघ. इंग्रजी शिकणाऱ्यांची टक्केवारी डावीकडे, मुलं-शिक्षक गुणोत्तर उजवीकडे, साधं रिग्रेशन. उतार १.८१ च्या आसपास येईल. म्हणजे शिक्षकामागे एक मूल जास्त असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये अशा मुलांचं प्रमाणही सरासरी १.८ टक्केबिंदूंनी जास्त. आता तुझ्या दुसऱ्या मॉडेलमध्ये त्या टक्केवारीचा कोएफिशियंट बघ, −०.६५ असेल. दोन्हींचा गुणाकार −१.१८. तो −१.१० मध्ये मिळव. आले ना −२.२८? पै न् पै जुळते, कारण हे निव्वळ बीजगणित आहे. पहिल्या मॉडेलनं भाषेच्या अडचणीचं खापरही शिक्षकसंख्येवर फोडलं होतं. गाळलेला घटक गुणांशीही बांधलेला आणि तुझ्या व्हेरिएबलशीही बांधलेला असला की हे होणारच. दोन्हींपैकी एक धागा तुटलेला असता तर −२.२८ जागचा हलला नसता.

जेवणाचं म्हणशील, तर ती गरिबी मोजायची पट्टी आहे. जेवणानं कुणाचे गुण कमी होत नाहीत. ती मॉडेलमध्ये घेतलीस ती शिक्षकांचा आकडा स्वच्छ व्हावा म्हणून, तिच्या स्वतःच्या कोएफिशियंटला कार्यकारण चिकटवू नकोस. पुरावा तुझ्याच आउटपुटमध्ये आहे: जेवण घातल्यावर इंग्रजीवाला −०.६५ घसरून −०.१२ झाला असेल. इतका वेळ तो गरिबीचं ओझं वाहत होता. म्हणून तोही ‘भाषेचा परिणाम’ म्हणून मिरवायचा नाही. टेबलात सगळे छाप, चर्चा एका गुणोत्तराचीच कर.

मित्राला सांग, स्टँडर्ड एरर (कोएफिशियंटच्या अंदाजातली अनिश्चितता) बघून बोलावं. गुणोत्तराचा दुसऱ्या मॉडेलमध्ये ०.४३ होता, जेवण घातल्यावर ०.२७. कमी झाला! जेवणानं इतकी तफावत उचलली की उरलेली विखुरण १४.५ गुणांवरून ९.१ वर आली. इंग्रजी आणि जेवण यांचं आपसातलं कोरिलेशन ०.६५ आहे, तरी इंग्रजीवाल्याचा एरर ०.०३१ चा फक्त ०.०३३ झाला. मल्टिकोलिनिअरिटीचा बागुलबुवा लोक फार करतात. बरं, हे एरर रोबस्ट आहेत, म्हणजे विखुरण सगळीकडे सारखी न धरता काढलेले. आरचं नेहमीचं आउटपुट विखुरण सगळीकडे सारखी धरतं. पहिल्या मॉडेलमध्ये त्यानं ०.४८ दिला असेल, रोबस्ट ०.५२ येतो.

लॉग_घ्या
त्याच डेटात डिस्ट्रिक्टचं सरासरी उत्पन्नही आहे. ते घालणार असशील तर सरळ रेषा ओढू नकोस. गरीब डिस्ट्रिक्टमध्ये उत्पन्न थोडं वाढलं की गुण भराभर चढतात, श्रीमंतांकडे वक्र सपाट होतो. उत्पन्नाचा लॉग (लॉगॅरिदम) घे. सरळ रेषेचे रेसिड्युअल (खरे गुण आणि मॉडेलचे गुण यांतला फरक) उत्पन्नासमोर मांडून बघ, वाक डोळ्यांना दिसेल.

खिडकीजवळचा
मास्तरीणबाई, गुणाकार करून बघितला, तंतोतंत जुळला! मग आता −१.०० हा शिक्षक वाढवण्याचा परिणाम म्हणून लिहू का?

जुनी_मास्तरीण
थांब जरा. आधी आकार बघ. शिक्षकामागे दोन मुलं कमी केली तर मॉडेलच्या हिशेबानं गुण दोननं वाढतात. डिस्ट्रिक्टच्या गुणांचं स्टँडर्ड डेव्हिएशन (सरासरीभोवतीचा पसारा) १९ आहे, म्हणजे त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. पी-व्हॅल्यूशेजारी तारे (निकाल निव्वळ योगायोग नसावा अशी खूण) दिसले की लोक हे विसरतात. शिवाय त्यासाठी शिक्षक किती जास्त घ्यावे लागतील तेही मोज. सरासरी १९.६ आहे, तिथून दोन खाली म्हणजे दहा टक्क्यांहून अधिक शिक्षक.

कार्यकारणाला अजून छिद्रं आहेत. आईवडिलांचं शिक्षण या डेटात नाही, आणि शिकलेले आईबाप मुलांसाठी डिस्ट्रिक्ट निवडूनच घर घेतात. याच कारणानं अमेरिकेतल्या टेनेसीत १९८५ पासून चार वर्षं मुलांना चिठ्ठ्या टाकाव्या तसं वर्गात वाटलं गेलं: १३ ते १७ चे लहान वर्ग आणि २२ ते २५ चे नेहमीचे. लहान वर्गांतल्या मुलांना सरासरी गुण जास्त पडले. तुझं उत्तर त्याच दिशेचं आहे, इतकं म्हणायला हरकत नाही.

आणि दोन गोष्टी गाइडनं विचारायच्या आत लिहून ठेव. तुझी एक ओळ म्हणजे एक डिस्ट्रिक्ट आहे, एक मूल नव्हे, तेव्हा ‘विद्यार्थ्याचे गुण वाढतात’ असं वाक्य नको. आणि मुलं-शिक्षक गुणोत्तर म्हणजे वर्गातला पट नाही. एकूण मुलं भागिले एकूण शिक्षक, त्यात विशेष शिक्षकही आले.

शून्य_गृहीतक
बरं बुवा, विषय संपला नव्हता.