डीएनए ते प्रथिन: मॉडेलसाठी मणी घ्यावेत की कागदी पट्ट्या?

खडूफळा
बारावीच्या मुलांना हाताळता येईल असं मॉडेल हवंय. डीएनएची प्रतिकृती आणि जनुकावरून प्रथिन, दोन्ही एकातच दिसावं. मण्यांचा पिळाचा जिना दिसतो छान, पण उलगडत नाही. काय सुचवाल?

पेशीरंग
मणी शोकेससाठी ठीक. तुम्ही कार्डशीटच्या २७ सेंमीच्या पट्ट्या कापा, सेंटीमीटरला डीएनएचं एक अक्षर (ए, टी, जी किंवा सी; एसमोर टी, जीसमोर सी). क्रम मनाने लिहू नका, बीटा ग्लोबिन (हिमोग्लोबिनचा एक भाग) जनुकाची खरी सुरुवात घ्या.

वरची पट्टी, डावीकडे ५′, उजवीकडे ३′ (ही साखळीच्या दोन टोकांची नावं):
एटीजी जीटीजी सीएटी सीटीजी एसीटी सीसीटी जीएजी जीएजी एएजी

खालची, डावीकडे ३′, उजवीकडे ५′:
टीएसी सीएसी जीटीए जीएसी टीजीए जीजीए सीटीसी सीटीसी टीटीसी

अक्षरांआधी टोकं लिहून घ्या. निम्मे घोळ तिथेच होतात. एमआरएनए (जनुकाची प्रत, जिच्यावरून प्रथिन बनतं) खालच्या पट्टीवरून बनतो, म्हणून तो वरच्या पट्टीसारखाच दिसतो, फक्त टीच्या जागी यू. मुलं हमखास वरच्या पट्टीसमोर जोड्या लावतात. मग सुरुवातीची खूण असलेल्या एयूजीऐवजी यूएसी येतं आणि प्रथिन सुरूच होत नाही.

आटेपिळे
प्रतिकृतीसाठी पट्ट्या डावीकडून उघडा. नवी साखळी फक्त ३′ टोकाला वाढते, त्यामुळे खालच्या पट्टीसमोर ती सलग बनते आणि वरच्या पट्टीसमोर उलट्या दिशेने, तुकड्यातुकड्यांनी. नऊ-नऊ अक्षरांचे तुकडे द्या (खरे तुकडे आपल्या पेशींत १०० ते २०० अक्षरांचे, जिवाणूंत १००० ते २०००). प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला आरएनए प्रायमर (साखळी सुरू करून देणारा छोटा तुकडा) वेगळ्या रंगात. तो काढून तिथे डीएनएची अक्षरं भरायची, मगच गोंद. गोंदाची कांडी म्हणजे लायगेज, तुकडे सांधणारं विकर!

पीळ दाखवायचाच असेल तर याच मापात जिन्याची रुंदी सुमारे ६ सेंमी, एक वेढा साडेदहा अक्षरांचा. पिळाची दिशा साध्या स्क्रूच्या आट्यांशी ताडून पाहा, तशीच हवी. बाजारातल्या चित्रांतही पीळ उलटा सापडतो.

खडूफळा
याच पट्टीवर सिकलसेल दाखवता येईल? गडचिरोली, नंदुरबारकडच्या मुलांना आजार ऐकून माहीत असतो. पण बदल सहाव्या जागी म्हणतात, इथे पहिलं जीएजी हा सातवा कोडॉन (तीन अक्षरांचा गट, एका अमिनो आम्लासाठी) आहे.

पेशीरंग
दोन्ही बरोबर. एयूजीने येणारं पहिलं अमिनो आम्ल, मेथिओनिन, नंतर कापलं जातं, म्हणून प्रथिनात ती जागा सहावी. तिथलं जीएजी जीटीजी करा, खाली सीटीसीचं सीएसी. विसरू नका, खालची पट्टी जुनीच राहिली तर एमआरएनएही जुनाच निघेल. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. ते पाणी टाळणारं, त्यामुळे ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोर होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

खडूफळा
आणि प्रथिन जिथे संपतं तो थांबा-कोडॉन?

आटेपिळे
या तुकड्यात नाही. १४७ कोडॉन झाल्यावर यूएए येतं. इंट्रॉन (जनुकातले प्रथिनात न येणारे भाग) वगळूनही पट्टी ४ मीटर ४४ सेंमी होईल, फळ्यावर मावणार नाही. मागची भिंत बघा.