रिसॉर्टमधील मुक्कामात टाइमशेअर घेताना कोणत्या सवलती मागाव्यात?

प्रश्न

नमस्कार. आम्ही एका रिसॉर्टमध्ये पाच दिवसांच्या मुक्कामासाठी आलो असून आज आमचा तिसरा दिवस आहे. खोलीची किल्ली देतानाच आम्हाला ९० मिनिटांच्या एका माहितीसत्राचे आमंत्रण देण्यात आले आणि हजर राहिल्यास भेट कूपन मिळेल असे सांगण्यात आले. काल सकाळी आम्ही दोघेही गेलो. ते सत्र प्रत्यक्षात तीन तासांहून अधिक चालले.

योजना टाइमशेअरची, म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी काही दिवस राहण्याचा हक्क आधीच विकत घेण्याची असून ती पॉइंटवर आधारित आहे. दरवर्षी ठरावीक पॉइंट खात्यात जमा होतील, त्यांवर त्यांच्या कोणत्याही रिसॉर्टमध्ये राहता येईल आणि सभासदत्व २५ वर्षांचे असेल. आम्ही ‘विचार करून सांगतो’ म्हटल्यावर किंमत दोनदा खाली आली. त्यानंतर त्यांनी चार सवलती देऊ केल्या : पहिल्या वर्षी दुप्पट पॉइंट, पहिल्या वर्षाचे देखभाल शुल्क माफ, अदलाबदल संस्थेचे (जिच्यामार्फत आपल्या पॉइंटांच्या बदल्यात दुसऱ्या कंपनीच्या रिसॉर्टमध्ये राहता येते) तीन वर्षांचे सभासदत्व विनामूल्य, आणि पुढच्या वर्षी दोन रात्रींचा मोफत मुक्काम. विक्री प्रतिनिधीने हे सारे एका कोऱ्या कागदावर पेनाने लिहिले व शेवटच्या आकड्याभोवती दोनदा वर्तुळ काढले. मात्र तो कागद खोलीवर नेऊ का, असे विचारताच त्याने तो घडी करून स्वतःच्या फाइलमध्ये ठेवला. ‘हा दर फक्त आजच्यापुरता आहे’ असेही तो म्हणाला, पण व्यवस्थापकांनी नंतर ‘खास बाब म्हणून’ आमच्या निघण्याच्या दिवसापर्यंत मुदत वाढवून दिली.

आम्ही दरवर्षी सासू-सासऱ्यांना घेऊन किमान एकदा फिरायला जातो, त्यामुळे ही कल्पना आम्हाला मुळातच नकोशी नाही. माझ्या यजमानांचा कल घेण्याकडे आहे. या चार सवलतींचे खरे मोल किती, आणखी काय मागता येईल आणि ते कसे मागावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (नऊ वर्षांपासून सभासद)

ताई, मी स्वतः अशाच एका मुक्कामात सभासदत्व घेतले आणि आजही ते वापरते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तुम्हाला देऊ केलेल्या चारही सवलती एकदाच मिळणाऱ्या किंवा काही काळाने संपणाऱ्या आहेत, आणि तुम्ही मात्र २५ वर्षे दरवर्षी पैसे भरण्याचे बंधन पत्करणार आहात. सवलतीचे मोल जोखताना हा फरक सतत डोळ्यांसमोर ठेवावा. देखभाल शुल्काचेच उदाहरण घ्या. ते दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढते असे धरले, तर १२ वर्षांत दुप्पट होते आणि २५ वर्षांत तुम्ही भरलेली एकूण रक्कम पहिल्या वर्षाच्या शुल्काच्या जवळजवळ ५५ पट होते. म्हणजे पहिल्या वर्षाची माफी ही ५५ भागांतील एका भागाची माफी आहे. मिळाली तर जरूर घ्यावी, परंतु तिच्यासाठी मूळ किमतीवरची घासाघीस सोडू नये.

दुप्पट पॉइंटांच्या बाबतीत माझा अनुभव फारसा चांगला नाही. मलाही पहिल्या वर्षी तसेच जादा पॉइंट मिळाले होते आणि त्या आनंदात मी त्यांच्या अटी वाचल्या नाहीत. ते १२ महिन्यांत वापरणे बंधनकारक होते, शाळांच्या सुट्ट्यांच्या काळात ते चालत नव्हते आणि पुढच्या वर्षात नेता येत नव्हते. मुलांच्या परीक्षा, नोकरीतील रजा आणि उपलब्ध तारखा यांचा मेळ काही बसला नाही. निम्म्याहून अधिक पॉइंट तसेच वाया गेले. आज ती वेळ पुन्हा आली, तर मी जादा पॉइंट मागण्याऐवजी नेहमीचे पॉइंट दोन किंवा तीन वर्षे साठवता यावेत आणि पुढच्या वर्षाचे आगाऊ उचलता यावेत, अशी तरतूद मागेन. तिचा उपयोग दरवर्षी होतो.

त्याचप्रमाणे बुकिंग किती महिने आधी खुले होते, हेही विचारावे. अनेक योजनांमध्ये वरच्या श्रेणीच्या सभासदांसाठी बुकिंग आधी उघडते आणि सुट्टीच्या काळातील खोल्या बाकीच्यांची पाळी येण्यापूर्वीच संपतात. तुम्हाला सासू-सासऱ्यांसह जायचे आहे, म्हणजे दोन शयनगृहांचे घर किंवा शेजारशेजारच्या दोन खोल्या लागणार. अशा जागा मुळातच कमी असतात. थोडे कमी पॉइंट घेऊन वरच्या श्रेणीचे बुकिंगचे हक्क मिळत असतील, तर तुमच्यासारख्या कुटुंबासाठी ते दोन मोफत रात्रींपेक्षा कितीतरी मोलाचे ठरतील.

देखभाल शुल्काच्या वाढीवर कमाल मर्यादा मागून पाहा. बहुधा नकार मिळेल; पण त्या निमित्ताने गेल्या पाच वर्षांच्या शुल्काचे आकडे लेखी मागता येतात, आणि ते आकडे पाहिल्याशिवाय हा व्यवहार करूच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद २ (पूर्वी याच क्षेत्रात विक्री विभागात)

मी काही वर्षे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो आहे, म्हणून आतल्या पद्धतीविषयी थोडे सांगतो. कंपनीचे नाव घेत नाही.

तुम्हाला दिलेल्या चार सवलती तुमच्यासाठी म्हणून विचार करून ठरवलेल्या नसतात. आमच्याकडे अशी यादी छापील असे आणि तिचा खर्च किमतीत आधीच धरलेला असे. पहिला प्रतिनिधी पूर्ण किंमत सांगायचा, मग व्यवस्थापक येऊन ती खाली आणायचा, आणि तरीही पाहुणे उठू लागले तर यादीतील वस्तू एकेक करून टेबलावर यायच्या. त्यामुळे या चार गोष्टी तुम्ही मिळवल्या असे समजू नका. त्या मिळणारच होत्या. तुमची घासाघीस त्यांच्या पुढे सुरू होते.

मागण्यांचा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी किंमत पक्की करावी आणि सवलतींचे नंतर बोलावे. दोन्ही एकत्र चर्चेला घेतल्या की किमतीत दिलेली सूट सवलतीतून परत काढली जाते आणि हिशेब गुंतागुंतीचा झाल्यामुळे पाहुण्याच्या ते लक्षातही येत नाही. किंमत ठरल्यावर शांतपणे म्हणावे, ‘हा आकडा आम्हाला मान्य होण्यासारखा आहे, यासोबत आम्हाला या दोन गोष्टी हव्या आहेत.’ दोनच मागाव्यात. आठ मागितल्या, तर ज्या देणे कंपनीला सर्वांत स्वस्त पडते त्या दोन तुमच्या हातावर ठेवल्या जातात.

कोणाकडे मागायचे, हेही पाहावे लागते. समोरच्या प्रतिनिधीला जवळजवळ कशाचाच अधिकार नसतो. तो उठून ‘विचारून येतो’ म्हणतो, तेव्हा खरोखरच विचारायला जातो. करार नोंदवण्याचा आणि दस्तऐवजांचा खर्च, कर्जाचा व्याजदर, जादा पॉइंटांची मुदत, श्रेणी या गोष्टी व्यवस्थापकाच्या हातात असतात, म्हणून त्यांची मागणी त्यांच्या समोरच करावी. कर्जाविषयी एवढेच सांगतो की विकणाऱ्या कंपनीकडूनच मिळणारे कर्ज सहसा महाग असते. हप्त्यावर घेतल्याशिवाय परवडत नसेल, तर कोणत्याही सवलतीने तो व्यवहार स्वस्त होणार नाही.

आता तो कागद. तुम्ही लिहिलेला तो प्रसंग वाचून मला वाईट वाटले, कारण मीही असे कागद घडी करून फाइलमध्ये ठेवलेले आहेत. तो कागद पाहुण्यांच्या हाती राहू नये अशीच आम्हाला सूचना असे. अशा करारांमध्ये बहुतेक वेळा एक कलम असते : या दस्तऐवजात जे लिहिले आहे तेवढाच संपूर्ण करार असून तोंडी दिलेली कोणतीही आश्वासने बंधनकारक नाहीत. तुम्ही त्याखाली सही केलीत की कागदावरची वर्तुळे आणि टेबलावरचे शब्द दोन्ही संपतात. म्हणून प्रत्येक सवलत करारात किंवा कराराला जोडलेल्या पुरवणीत लिहून घ्यावी. तिच्यावर अधिकृत व्यक्तीची सही असावी, वापरण्याची शेवटची तारीख असावी, आणि ‘कंपनीच्या धोरणानुसार बदलू शकते’ असे शब्द नसावेत. ते शब्द असतील, तर त्या सवलतीची किंमत शून्य धरावी.

शेवटी नकार देऊन बाहेर पडलात, तर दाराजवळच्या दुसऱ्या टेबलावर बहुधा एक लहान चाचणी योजना दाखवली जाईल, साधारण एक-दोन वर्षे वापरून पाहण्याची. ती घ्यायचीच असेल, तर तिची रक्कम पुढे पूर्ण सभासदत्वात वळती होईल का, हे लेखी घ्यावे.

प्रतिसाद ३

माझे मत थोडे वेगळे आहे. सवलतींवर घासाघीस करण्याआधी हेच सभासदत्व आधीच्या सभासदांकडून किती किमतीला मिळते, ते पाहावे. टाइमशेअरची पुनर्विक्री बहुतेक वेळा मूळ किमतीच्या अगदी लहान अंशाला होते, आणि ती तफावत पाहिल्यावर दोन मोफत रात्रींचे आकर्षण आपोआप ओसरते. कंपनीकडून थेट घेणाऱ्याला मिळणारी श्रेणी व काही हक्क पुनर्विक्रीत नव्या मालकाकडे जात नाहीत, हे खरे आहे. पण त्या हक्कांसाठी आपण किती जास्त मोजतो आहोत, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. शिवाय सभासद नसतानाही अनेक रिसॉर्टांमध्ये भाड्याने राहता येते. दरवर्षीचे देखभाल शुल्क आणि तेवढ्याच रात्रींचे भाडे शेजारी शेजारी लिहा. शुल्कच भाड्याच्या आसपास असेल, तर मूळ किंमत कशासाठी भरायची, याचे उत्तर त्यांच्याकडून घ्या.

प्रतिसाद ४

अदलाबदल संस्थेच्या सभासदत्वाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून भर घालतो. या क्षेत्रातील दोन मोठ्या संस्था म्हणजे १९७४ मध्ये सुरू झालेली आरसीआय आणि १९७६ मधील इंटरव्हल इंटरनॅशनल. आपला कालावधी किंवा पॉइंट त्यांच्याकडे जमा करून दुसऱ्या कंपनीच्या रिसॉर्टमध्ये राहता येते. मात्र तीन वर्षांचे सभासदत्व मोफत याचा अर्थ सहसा केवळ वार्षिक वर्गणी माफ असा असतो. प्रत्येक अदलाबदलीचे शुल्क वेगळे भरावे लागते. मागायचेच असेल, तर दोन किंवा तीन अदलाबदलींचे शुल्क कंपनीने भरावे असे मागा. वापरलेत तर प्रत्यक्ष पैसे वाचतील.

दुसरी गोष्ट माघार घेण्याच्या मुदतीची. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार खरेदीदाराला कारण न देता १४ दिवसांत करारातून बाहेर पडता येते आणि त्या मुदतीत विक्रेत्याला आगाऊ रक्कम घेण्यास मनाई आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ही मुदत १० दिवसांची आहे. जिथे करार होतो तिथला कायदा पाहावा लागतो, आणि कायद्यात अशी तरतूद नसेल तिथे करारातील रद्द करण्याचे कलम हाच आधार उरतो. म्हणून तुमच्या मागण्यांच्या यादीत सर्वांत वर हे लिहा : सही केल्यापासून ठरावीक दिवसांत रद्द केल्यास पूर्ण रक्कम परत. करारात ही मुदत आधीच असेल, तर ती कोणत्या दिवसापासून मोजली जाते आणि सूचना कोणत्या पत्त्यावर, कशी पाठवायची, हे सही करण्यापूर्वी वाचून ठेवा. फोनवर किंवा स्वागतकक्षात सांगून रद्द होत नाही. लेखी सूचना आणि तिची पोच लागते.

मुक्कामातच सही करण्यात हीच मोठी अडचण आहे. सुट्टीचे उरलेले दिवस त्या मुदतीतून वजा होतात आणि घरी पोहोचून करार शांतपणे वाचेपर्यंत मुदत संपत आलेली असते.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आम्ही व्यवस्थापकांना पुन्हा भेटलो आणि येथे सांगितल्याप्रमाणे आधी फक्त किंमतच बोललो. ती आणखी थोडी खाली आली. मग आम्ही दोनच गोष्टी मागितल्या : न वापरलेले पॉइंट तीन वर्षे साठवण्याची सोय आणि तीन अदलाबदलींचे शुल्क. दुसरी त्यांनी लगेच मान्य केली, पहिलीसाठी दोन वर्षांवर आले.

पुरवणी लिहून घेताना मात्र आमचे डोळे उघडले. तोंडी ‘पहिल्या वर्षी दुप्पट पॉइंट’ असे जे होते, ते कागदावर ‘गर्दीचा हंगाम वगळून, उपलब्धतेनुसार’ असे झाले. मोफत मुक्कामाच्या दोन रात्री रविवार ते गुरुवार या दिवसांतच घ्यायच्या होत्या. सासऱ्यांनी ते वाचून शांतपणे विचारले, ‘त्या दिवशी हे सांगितले नव्हते ना?’ त्यावर व्यवस्थापकांकडे उत्तर नव्हते. गेल्या पाच वर्षांच्या देखभाल शुल्काचे आकडे मागितले, तर चालू वर्षाचाच आकडा दाखवला आणि बाकीचे कार्यालयातून मागवावे लागतील असे सांगितले.

आम्ही सही केलेली नाही. कराराचा मसुदा आणि पुरवणी ईमेलवर मागून घेतली आहे, आणि जुने आकडे आल्याशिवाय पुढे बोलणार नाही असे त्यांना कळवले आहे. आज सकाळी सामान आवरत असताना त्यांचा फोन आला आणि दोन रात्रींच्या जागी चार रात्री देतो म्हणाले. दर मात्र आज दुपारी बारालाच संपेल, असेही पुन्हा सांगितले.

मसुद्यातील एका कलमाचा अर्थ मला लागत नाही. ‘सभासदाने शुल्क न भरल्यास जमा पॉइंट गोठवले जातील व थकबाकीवर आकार लागू होईल’ असे त्यात आहे. साठवलेले पॉइंटही यात येतात का?

प्रतिसाद १ कडून

बहुधा येतात. माझ्या करारात साठवलेले पॉइंटही ‘जमा पॉइंट’ मध्येच मोडतात, आणि एका वर्षी माझा शुल्काचा भरणा उशिरा झाला तेव्हा दोन वर्षांचे पॉइंट एकदम गोठले होते. पैसे भरल्यावर ते मोकळे झाले, पण तोवर ठरवलेली तारीख हातची गेली होती. शुल्क भरल्यावर किती दिवसांत पॉइंट मोकळे होतील आणि गोठलेल्या काळाएवढी त्यांची मुदत वाढेल का, या दोन प्रश्नांची उत्तरे ईमेलवरच मागा, म्हणजे ती लेखी राहतील. आणि दुपारी बाराच्या मुदतीची काळजी करू नका, ताई. ‘आजच्यापुरता’ असलेला तोच दर तुमच्यासाठी याआधी एकदा वाढवून मिळालेला आहे.