"मुलासाठी घेताय का?": एपिक फँटसी आणि तिच्या वाचक बायका

धागा: विरारकरीण
गेल्या महिन्यात माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर मी एपिक फँटसीचा, म्हणजे काल्पनिक जगातील राज्ये, युद्धे आणि जादू यांच्या विस्तृत कथांचा, एक नमुना असलेल्या जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबरीमालेचा चौथा खंड उचलला, तेव्हा विक्रेत्याने "मुलासाठी घेताय का?" असे सहज विचारले. माझा मुलगा पाठ्यपुस्तकही नाइलाजाने उघडतो. खंड मलाच हवा होता, कारण आधीचे तिन्ही माझे दोनदा वाचून झाले होते. विक्रेत्याला तरी काय दोष द्यायचा? २०११ साली याच कादंबऱ्यांवरची 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका आली, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षिकेनेही हे मुलग्यांचे साहित्य असून त्यातील शृंगार बायकांना ओढण्यासाठी घातला असावा, अशा अर्थाचे लिहिले होते.

माझ्या मते बाई या पुस्तकांत रमते ती त्या जगाच्या काटेकोर व्यवहारामुळे. कोणते घराणे कोणाच्या उपकाराखाली आहे, दिलेला शब्द कोणी मोडला, हिवाळा लांबला तर कोठारातले धान्य कुठवर पुरेल, हे सारे तिथे मोजलेले असते. सासर-माहेरच्या चार पिढ्यांची नाती आणि मानपान जिला तोंडपाठ असतात, तिला पुस्तकाच्या शेवटी छापलेली वंशावळ अवघड का वाटावी? आमच्या लोकलच्या डब्यातील एका मैत्रिणीने तर हजार पानी पुस्तक ब्लेडने कापून त्याचे तीन भाग केले आणि प्रत्येकाला खाकी कव्हर घातले, कारण गर्दीत उभ्याने, एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हातात तेवढेच वजन पेलते.

दादरचा जुना सभासद
नात्यांच्या हिशेबाचा आपला मुद्दा मला मान्य नाही, कारण तो बाईला फिरून घरातच नेऊन बसवतो. माझा आक्षेप मात्र निराळा आहे. ज्या कादंबरीने हा प्रकार रूढ केला, ती टोल्किन यांची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आली. तीत अंगठी नष्ट करायला निघालेल्या नऊ जणांत एकही स्त्री नाही. त्यातील एका राजाची भाची एओविन पुरुषवेशात रणांगणावर जाऊन, कोणत्याही पुरुषाच्या हातून न मरणाऱ्या शत्रूला मारते खरी, पण लढाई आटोपल्यावर लेखक तिला शस्त्र खाली ठेवायला लावतो आणि तिचे लग्न लावून देतो. ज्या घरात ओसरीपलीकडे आपल्याला प्रवेश नाही, त्याचे अंगण इतक्या भक्तिभावाने का सारवायचे?

ठाण्याची वाचक
आपण एओविनचा शेवट सांगितलात, परंतु तिचा पिंजरा विसरलात. तुला भीती कशाची वाटते, असे विचारल्यावर ती मरणाचे नाव घेत नाही. गजांआड राहता राहता त्याचीच सवय होईल आणि काही करण्याची संधी तर राहोच, तिची इच्छाही उरणार नाही, असे ती म्हणते. ते पान मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला वाचले, तेव्हा घरी स्थळे पाहणे सुरू झाले होते. पुढे तिचे जे झाले, त्याबद्दल लेखकाशी माझे भांडण आजही आहे आणि तरीही मी ते पुस्तक दर दोन-तीन वर्षांनी काढते. (ते 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणले, तेही मुग्धा कर्णिक यांनी.)

असे भांडण लेखिकाही करतात, आणि तेही स्वतःशी. अर्सुला ली ग्विन यांच्या १९६८ च्या कादंबरीत जादूची विद्या शिकवणारी शाळा फक्त पुरुषांची आहे. त्याच जगात १९९० साली परतताना त्यांनी नायिका म्हणून निवडली ती एका शेतकऱ्याची मध्यमवयीन विधवा.

परळचा
एवढी वंशावळ पाठ करायची हौस असेल तर घरचे महाभारत काय वाईट आहे? इरावती कर्वे यांचे 'युगान्त' वाचावे.

ठाण्याची वाचक
वाचले आहे, आणि त्यानेच मला मार्टिनपर्यंत आणले. प्रतिज्ञेला चिकटून राहणारा भीष्म घराण्याला कुठे नेऊन सोडतो, हे ज्याने एकदा पाहिले, त्याला हे परके जग फारसे परके वाटत नाही.

दादरचा जुना सभासद
भांडणाचा मुद्दा मी मान्य करतो. मात्र भांडत भांडत विकत घेतलेल्या पुस्तकाचीही किंमत पूर्णच मोजावी लागते, आणि प्रकाशकाला खप दिसतो, भांडण दिसत नाही. असे असताना लेखकाने बदलावे तरी कशासाठी?

विरारकरीण
सासर-माहेरचा दाखला मी मागे घेते. आपण म्हणता तसा तो घरातच घुटमळतो. पण बदल होत नाही, हे मान्य नाही. मी उचललेल्या त्या चौथ्याच खंडात सर्वाधिक प्रकरणे सर्सी आणि ब्रिएन या दोघींच्या नजरेतून सांगितलेली आहेत. एक सत्तेला चिकटलेली राणी, दुसरी चिलखत घालून वणवण फिरणारी, आणि दोघींपैकी एकही वाचकाची लाडकी व्हावी म्हणून लिहिलेली नाही.

परवा पुन्हा किंग्ज सर्कलला गेले होते. विक्रेत्याने पाचवा खंड माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता आणि सहावाही ठेवतो, असे म्हणाला. तो लेखकाचा अजून लिहून व्हायचा आहे, हे मला त्याला सांगावे लागले.