व्हेना काव्हाजवळची गाठ
कुणीतरी लिहिलंय, की यकृतातली गाठ व्हेना काव्हाला, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेला, खेटून असली की ऑपरेशनचं नावच काढायचं नाही. इतकं सरसकट नाही हो. यकृताच्या ८ भागांपैकी पहिला अगदी मागे, त्या मोठ्या शिरेला टेकलेला असतो. त्यातून बारीक शिरा थेट तिच्यात जातात. त्या एकेक बांधून तोडायच्या, खरं जिकिरीचं काम तेच. १९८८ मध्ये जर्मनीत हॅनोव्हरला पिखलमायर या सर्जननी तर अख्खं यकृत बाहेर काढून, थंड ठेवून गाठ काढली आणि ते परत बसवलं! जोखीम प्रचंड, म्हणून हे क्वचितच करतात. पण एका ठिकाणी नकार मिळाला, तर यकृत प्रत्यारोपण करणाऱ्या सर्जनला स्कॅन दाखवाच. उरलेलं यकृत पुरेल का, हेही विचारा.